मॅनेजर नसताना ऑफिसचं वातावरण बदलता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्यात बाणेरला साधारण दीडशे माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, तुम्ही तिथे टेस्टिंगला, हाताखाली कोणी नाही. मीटिंगमध्ये सगळे गप्प, आणि मीटिंग संपली की खाली चहाच्या टपरीवर सगळ्यांना कंठ फुटतो. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज येतात. नवीन आलेली पोरं सहा महिन्यांत जातात. एचआर दर शुक्रवारी गेम खेळायला लावतं. आणि तुम्ही विचारताय की साधा एम्प्लॉयी म्हणून मी कल्चर सुधारायला काय करू शकतो, किती दिवस प्रयत्न करू, की सरळ पेपर टाकू, म्हणजे राजीनामा देऊ.

माझा अनुभव कुठला ते आधी सांगते, म्हणजे माझं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सुरुवातीची बरीच वर्षं भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत पर्सोनेलला काढली, नंतर खराडीत एका आयटी कंपनीत एचआर, आणि आता काही कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून जाते. म्हणजे पॉलिसी लिहिणाऱ्यांच्या बाजूलाही बसलेय आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसासमोरही.

तुम्ही ज्या चार तक्रारी लिहिल्यात त्या वेगवेगळ्या दिसतात, पण त्यातल्या निदान तीन एकाच ठिकाणाहून येतात असं मला वाटतं. तुमच्याकडे खरं बोलणं महाग पडतं. कोणीतरी कधीतरी मीटिंगमध्ये "हे गुरुवारपर्यंत होणार नाही" म्हणालं असेल, त्याला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं असेल किंवा नंतर अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या मूल्यमापनाला, ते बाहेर निघालं असेल, आणि ते बघून बाकीच्यांनी मनात हिशोब मांडला की गप्प बसलेलं परवडतं. मग तेच बोलणं टपरीवर जातं कारण तिथे त्याचे पैसे पडत नाहीत. रात्री मेसेज येतात कारण दिवसा कोणी अडचण सांगितलेली नसते आणि मॅनेजरला ती रात्री क्लायंटच्या कॉलवर कळते. नवीन पोरं जातात कारण इथे विचारलं तर हसतात हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळतं.

आता जो भाग ऐकायला लोकांना जड जातो तो सांगते. ही किंमत एकटा मॅनेजर वसूल करत नाही. निम्मी तरी आपल्याच बाजूची माणसं वसूल करतात. कोणी मीटिंगमध्ये प्रश्न विचारला की मॅनेजर नसलेल्या ग्रुपवर लगेच स्टिकर पडतो, "आला हुशार". कोणी चूक कबूल केली की तिचं नाव त्या चुकीला चिकटतं आणि वर्षभर निघतं. कोणी साडेसहाला घरी निघालं की "काय, आज हाफ डे का" असतंच. हे सगळं करायला कुठलंही पद लागत नाही, म्हणजे थांबवायलाही लागत नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे: पूर्ण कंपनी बदलायच्या मागे लागू नका, तुमच्या आसपासच्या आठ-दहा माणसांत खरं बोलणं स्वस्त करा. तेवढं तुमच्या हातात आहे आणि त्याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा लांब जातो.

अर्थात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. एक साधी तपासणी करा. तुमच्याच कंपनीत शेजारच्या टीममध्ये काय चालतं ते बघा. तिथे माणसं मोकळी असतील, सुट्टी मागायला घाबरत नसतील, तर तुमचा प्रश्न तुमच्या टीमपुरता आहे, एक मॅनेजर आणि काही सवयी, आणि मग खूप काही करता येतं. सगळ्याच टीम सारख्या असतील तर ते वरून येतंय, मालक किंवा डिलिव्हरी हेडच्या वागण्यातून, तिथे तुमचा हात तेवढा पोचणार नाही हे धरून चाला. आणि क्लायंट अमेरिकेतला असेल तर रात्री साडेआठचा कॉल हा कल्चरचा प्रश्न नसतो, घड्याळाचा असतो, त्याची सोय शिफ्टमध्ये किंवा दुसऱ्या दिवशी उशिरा येण्यात करून मागायची असते. हे वेगळं केलं नाही तर माणूस चुकीच्या ठिकाणी डोकं आपटत बसतो.

चाकणच्या एका कारखान्यातलं उदाहरण सांगते, सॉफ्टवेअरवाल्यांना लांबचं वाटेल पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते यानेच. प्रेस शॉप होतं, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायचा विभाग. पॉवर प्रेसला दोन्ही हातांची बटणं असतात, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, खाली येत नाही, कारण मग दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर आहेत याची खात्री राहते. पीस जास्त निघावेत म्हणून एका मशीनवर एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका ट्रेनी पोराने ते सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर चांगला होता, त्याने लगेच टेप काढली, पोराला काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शॉपमध्ये त्या पोराचं नाव "इन्स्पेक्टर" पडलं. चहाला कोणी बरोबर घेईना. त्यानंतर कित्येक महिने कोणीच काही सांगितलं नाही, नियर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर कोरं, आणि वरच्यांना वाटायचं की शॉप एकदम सेफ आहे. भिंतीवर "सुरक्षा प्रथम" मोठ्या अक्षरात होतंच.

ते बदललं एका जुन्या सेटरमुळे, म्हणजे मशीनवर डाय बसवणाऱ्या कामगारामुळे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. पद काही नाही, पण शब्दाला मान होता. शिफ्ट बदलताना चार्ज देतात तेव्हा मामा मोठ्याने स्वतःचंच सांगायला लागले, "दुपारी डाय बसवताना माझ्याकडून एक क्लॅम्प ढिला राहिला होता, नंतर आवळलाय, पण पहिले पीस नीट बघून घ्या." एवढंच, भाषण नाही. आणि दुसऱ्या कोणी काही सांगितलं की ते म्हणायचे "बरं झालं सांगितलंस, चल बघू", आणि खरंच उठून त्याच्याबरोबर मशीनपाशी जायचे. ते "चल बघू" महत्त्वाचं होतं. सांगणाऱ्याला कळायचं की सांगून काम वाढत नाही, मदत येते. हळूहळू रजिस्टरमध्ये नोंदी यायला लागल्या, आधी मामांच्या गटाच्या, मग बाकीच्यांच्या. त्या इन्स्पेक्टर पोरालाही परत नावाने हाक मारायला लागले.

गंमत म्हणजे नोंदी वाढल्यावर प्लँट हेड घाबरले, त्यांना वाटलं अपघात वाढतायत. तेव्हा मी त्यांना हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्या कामाबद्दल सांगितलं होतं. त्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. अपेक्षा अशी होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथल्या नर्सेस चुका लपवत नव्हत्या म्हणून आकडा मोठा होता. पुढे १९९९ च्या त्यांच्या पेपरातून सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे टीममध्ये न घाबरता बोलता येणं, ही कल्पना सगळीकडे पोचली, आणि गूगलने २०१२ पासून स्वतःच्या १८० च्या वर टीम तपासल्या तेव्हा चांगल्या टीममध्ये सगळ्यात वर हीच गोष्ट निघाली. म्हणजे टीममध्ये कोण कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांसमोर बोलायला घाबरतात का, याने जास्त फरक पडला. तुमच्या टीममध्ये समजा काही महिन्यांनी अडचणी जास्त ऐकू यायला लागल्या तर घाबरू नका, ते सुधारत असल्याचं लक्षण असू शकतं.

आता तुमच्याकडे येऊ. तुम्ही टेस्टर आहात, आणि टेस्टरच्या हातात एक फार मोठी गोष्ट असते जी लोकांच्या लक्षात येत नाही, दुसऱ्याची चूक तुम्ही रोज लिहून सगळ्यांना दाखवता. तुम्ही बग कसा टाकता यावर डेव्हलपर किती उघडपणे बोलणार हे ठरतं. "लॉगिन परत मोडलं, बेसिक टेस्टिंग करत नाहीत का" असं लिहून मॅनेजरला टॅग केलं की तो डेव्हलपर पुढच्या वेळी "माझ्या मशीनवर चालतंय" यापलीकडे एक शब्द बोलणार नाही. तोच बग पायऱ्या लिहून, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं एवढं लिहून टाका, माणसाचा उल्लेखच नको. मोठा बग असेल आणि बगची शीट क्लायंटला जाणार असेल तर टाकायच्या आधी त्याच्या जागेवर जाऊन दोन मिनिटं दाखवा. बग लपवायचा नाहीच, टाकायचाच, फक्त त्याला तो तुमच्याकडून कळू दे, क्लायंटच्या कॉलवर नको. आणि तुमच्याकडून बग सुटला तर तोही त्याच पद्धतीने लिहा, तुमचा म्हणून. खराडीच्या कंपनीत एका टेस्टर मुलीने एवढंच पाळलं होतं आणि तिच्या प्रोजेक्टवर डेव्हलपर आपणहून येऊन सांगायचे की या भागाकडे जरा जास्त बघ, मला खात्री नाहीये. टेस्टरला याहून जास्त काय हवं असतं?

दुसरी जागा म्हणजे रोजचा स्टँडअप, कामाचं कुठवर आलं ते सांगायची छोटी मीटिंग. सगळे "ऑन ट्रॅक" म्हणतात ना? तुम्ही एक दिवस स्वतःची अडचण सांगा, पण नीट सांगा: काय अडलंय, कधीपर्यंत सुटलं नाही तर काय घसरेल, आणि तुम्हाला काय लागेल. "टेस्ट डेटा आलेला नाही, उद्या दुपारपर्यंत नाही आला तर शुक्रवारचं रिलीज सोमवारवर जाईल, डेटाबेसवाल्यांना तुम्ही एक फोन केलात तर होईल." यात रडगाणं नाही आणि कोणावर ढकलणंही नाही. मॅनेजरला हे आवडतं, खरं सांगते, कारण त्याच्या हातात वेळ आणि काम दोन्ही दिलंत. अडचण सांगितल्याबरोबर बहुतेक मॅनेजर चिडतात ते अडचणीवर चिडत नाहीत, ती उशिरा कळली यावर चिडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याने वाईट बातमी सांगितल्यानंतरचं पहिलं वाक्य. ते वाक्य कोण बोलतं आणि काय बोलतं हे तुमच्या ऑफिसमध्ये आठवडाभर नुसतं बघा. कोणी म्हणालं "माझं मॉड्यूल गुरुवारी होणार नाही", खोलीत शांतता पसरते, सगळे लॅपटॉपमध्ये बघतात, आणि मग मॅनेजर बोलतो ते ठरलेलंच असतं. त्या शांततेत तुम्ही बोला. "बरं झालं आज सांगितलंस, जेवढं झालंय तेवढं मी उद्या टेस्टला घेतो, म्हणजे राहिलेल्याला एकच दिवस लागेल." नुसतं गोड बोलणं नको, कामाचं काहीतरी पुढे करा, कारण मग मॅनेजरच्या कानावर अडचणीबरोबर मार्गही पडतो आणि त्याचं पुढचं वाक्य बदलतं. चार-पाच वेळा असं झालं की बाकीचेही करायला लागतात, मी हे इतक्या ठिकाणी होताना बघितलंय की याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मॅनेजरला सगळ्यांसमोर सुनवायचं मात्र नाही. आपल्याकडे चार लोकांत वरिष्ठाला खोडून काढलं की तो मुद्दा राहतच नाही, पाणउतारा झाला एवढंच लक्षात राहतं. आधी एकट्याला गाठा, जमलं तर जेवणानंतर, आणि त्याच्या स्वभावावर न बोलता एका प्रसंगावर बोला. "सर, मंगळवारी अमुकने उशीर होईल म्हणून सांगितलं तेव्हा जरा जोरात झालं, त्यानंतर दोघांनी मला त्यांच्या अडचणी सांगितल्या पण मीटिंगमध्ये बोलले नाहीत. रिलीजच्या दृष्टीने ते आपल्यालाच महागात जाईल." कोणी सांगितलं ती नावं द्यायची नाहीत, विचारली तरी नाहीत. आणि एक करून बघा, त्याच्या वरचा त्याच्याकडून काय मागतो ते त्याला विचारा. दर सोमवारी त्याला कुठलं तरी एक्सेल भरून दाखवावं लागत असतं आणि निम्मी चिडचिड तिथून आलेली असते. हे कळलं तर निदान कुठल्या दिवशी काय बोलू नये ते तरी कळतं.

रात्रीच्या मेसेजचं. इथे मला एम्प्लॉयींनाच बोलायचंय. अकरा वाजता मेसेज पडला आणि अकरा पाचला कोणीतरी अंगठा टाकला की बाकीच्या सगळ्यांची रात्र गेली. पहिला उत्तर देणारा जास्त कष्टाळू ठरतो आणि बाकीचे आपोआप आळशी. टीममधल्या तिघा-चौघांनी आपापसात ठरवा की खरोखर काही बंद पडलेलं नसेल तर सकाळीच उत्तर द्यायचं, आणि मॅनेजरला उघड सांगा, "अर्जंट असेल तर फोन करा, आम्ही उचलू, मेसेज आम्ही सकाळी बघू." फोन करायचा म्हटलं की माणूस विचार करतो, आणि खरं अर्जंट किती असतं ते आपोआप दिसतं. तुम्हाला स्वतःला रात्री काही सुचलं तर मेसेज लिहून सकाळची वेळ लावून ठेवा, ती सोय आता बहुतेक ठिकाणी आहे. एकट्याने हे करू नका मात्र, एकटा करणारा अप्रेझलला सापडतो.

नवीन माणसांबद्दल बोलायला मला सगळ्यात जास्त आवडतं कारण इथे साधा एम्प्लॉयी एचआरपेक्षा कितीतरी जास्त करू शकतो. एचआरचं इंडक्शन म्हणजे दिवसभर स्लाइड. आलेल्या पोराला पाहिजे असतं ते वेगळंच, एन्व्हायर्नमेंटचा अॅक्सेस कोणाकडे मागायचा, कुठला सीनिअर विचारलं तर चिडत नाही, पीएफचा जुना यूएएन नंबर कुठे द्यायचा, हिंजवडीच्या बाजूने येत असेल तर किती वाजता निघालं की ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. हे सगळं एका साध्या डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेवा आणि दर नवीन माणसाला त्यात त्याला पडलेले प्रश्न लिहायला सांगा. पहिले दोन आठवडे त्याला जेवायला बरोबर घ्या. आणि महिन्याभराने विचारा की इथे आल्यावर काय विचित्र वाटलं. त्याला जे विचित्र दिसतं ते तुम्हाला सवयीने दिसेनासं झालेलं असतं, अजून दोन महिन्यांनी त्यालाही दिसणार नाही, म्हणून वेळेत विचारा.

यात भाषेचं एक आहे आणि पुण्यात ते फार होतं. जेवणाच्या टेबलावर सहा मराठी माणसं आणि एक ओडिशाचा मुलगा, डबे उघडले की गप्पा मराठीत, तो मोबाइल बघत जेवतो. कोणाच्या मनात वाईट नसतं. आणि बरोबर याच्या उलट क्लायंटच्या कॉलवर, लातूर-सांगलीकडून मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलगी इंग्रजीत बोलायला लागेल म्हणून तोंड उघडत नाही आणि तिचंच काम दुसरा प्रेझेंट करतो. दोन्हीवर उपाय बरोबरच्या माणसांकडेच आहे. टेबलावर मध्येच दोन वाक्यं हिंदीत सांगून त्याला आत ओढा, तो मराठीही शिकेल, पुष्कळ शिकतात. आणि त्या मुलीबरोबर कॉलच्या आधी दहा मिनिटं बसून तिचं बोलणं एकदा म्हणून घ्या, तिच्या इंग्रजीला हसणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करा. "हिने हे केलंय, तीच सांगेल" एवढं एक वाक्य कॉलवर कोणी बोललं तर तिचं वर्ष बदलतं.

टपरी बंद करायच्या मागे लागू नका. खरी माहिती तिथेच फिरते, मी तर एचआरला असताना कारखान्याच्या गेटबाहेरच्या टपरीवर मुद्दाम थांबायचे. फक्त तिथला एखादा मुद्दा, नाव न घेता, खोलीत आणा. पण काही गोष्टी तिथेही चालवून घेऊ नका. बरोबरच्या बाईच्या कपड्यांवर किंवा ती कोणाबरोबर आली-गेली यावर गप्पा, आडनाव विचारून मग गाव विचारून जात काढणं, "कोट्यातला" म्हणणं, घरी नमाज-रोजा पाळणाऱ्यावर टोमणे. यावर एचआरचं पोस्टर लावून काही होत नाही, पण बरोबर चहा पिणारा माणूस शांतपणे "हे नको यार" म्हणाला की बोलणाऱ्याला लागतं. तसंच हाउसकीपिंगच्या मावशी आणि गेटवरचे सिक्युरिटीवाले यांना नावाने ओळखा. कारखान्यांत मी बघितलंय, कॉन्ट्रॅक्टच्या माणसाचा युनिफॉर्म वेगळ्या रंगाचा असतो आणि हाकसुद्धा "ए कॉन्ट्रॅक्ट" अशी मारतात, आणि तिथेच मशीनचा आवाज बदललाय हे सगळ्यात आधी त्यालाच ऐकू आलेलं असतं पण तो सांगत नाही. का सांगेल?

एचआरच्या शुक्रवारच्या खेळांचा राग करू नका, ते बिचारे त्यांना जमतं ते करतायत. पण एक बघा, केक आणणं, दिवाळीची रांगोळी, वर्गणी गोळा करणं, फेअरवेलचं कार्ड हे दर वेळी बायकांच्याच अंगावर येतं का. ते काम आहे, त्यात वेळ जातो, आणि अप्रेझलला त्याची नोंद होत नाही. हे आळीपाळीने करा. पुरुष असाल तर पुढचा नंबर स्वतःहून घ्या. आणि एचआर निनावी सर्व्हे घेतं तेव्हा त्यात दहा तक्रारी लिहिण्यापेक्षा टीमने मिळून एकच गोष्ट मागा आणि तिचं काय झालं ते विचारत राहा. टोयोटामध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून चालू आहे, आपल्या पिंपरी-चाकणकडच्या कारखान्यांतही कायझेनच्या (सतत छोट्या छोट्या सुधारणांच्या) नावाने ती आहे, आणि जिथे ती टिकलीय तिथे कारण एकच दिसतं, सूचना देणाऱ्याला उत्तर मिळतं, नाही म्हणायचं असलं तरी का नाही ते सांगतात. उत्तर न देणारी पेटी काही दिवसांत रिकामी होते.

आता ज्या गोष्टी तुमच्या चांगुलपणाने सुटणार नाहीत आणि सोडवायचा प्रयत्नही करू नये त्या. लैंगिक छळ हा कल्चर सुधारण्याचा विषय नाही, तो कायद्याचा विषय आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निदान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते. चौकशी चालू असताना तक्रारदार महिला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते, हे फार कमी जणींना माहीत असतं. कोणी मैत्रीण तुम्हाला येऊन सांगेल तेव्हा "जाऊ दे, तो तसाच आहे" म्हणू नका आणि तिच्या वतीने परस्पर त्याला जाऊन भिडूही नका. ऐकून घ्या, तारखा आणि मेसेज जपून ठेवायला सांगा, समितीपर्यंत जायचं तिने ठरवलं तर बरोबर जा, आणि ग्रुपवर एक अक्षर लिहू नका, गुप्तता हीसुद्धा कायद्यातली अट आहे. तुमच्या कंपनीत समितीच्या सदस्यांची नावं कुठे लावलेली नसतील तर एचआरला साधा मेल करून मागा, हे काम तुम्ही या आठवड्यात करू शकता.

तसंच पगार उशिरा होणं, रजा नाकारणं, आठवड्याची सुट्टी जाणं. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे, वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे, अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. हे मेहरबानी म्हणून मागायचं नसतं. लेखी मागा, मेलवर, आणि शक्यतो दोघा-तिघांनी मिळून.

किती दिवस प्रयत्न करावा असं तुम्ही विचारलंय. एक अप्रेझल सायकल नको, तीन-चार महिने पुरेत. सगळं एकदम करू नका, वरच्यातली एकच गोष्ट घ्या, बग टाकण्याची पद्धत किंवा स्टँडअपमधलं ते पहिलं वाक्य, आणि बरोबर एक-दोन माणसं घ्या ज्यांना तेच खटकतंय. फरक पडतोय का हे बघायला एक सरळ माप आहे: रिलीज घसरणार हे तुमच्या टीमला किती दिवस आधी कळतं. आज आदल्या रात्री कळत असेल आणि तीन महिन्यांनी चार दिवस आधी कळायला लागलं तर तुमचं काम होतंय, मग भले शुक्रवारचे गेम तसेच राहोत. उलट खरं सांगितल्याबद्दल तुमचं रेटिंग खाली आलं, महत्त्वाच्या कॉलवरून तुमचं नाव गळलं, किंवा तुमच्याबरोबर बोलणाऱ्यांना "त्याच्यापासून लांब राहा" सांगितलं जायला लागलं, तर तिथे थांबू नका. झोप जात असेल, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडत असेल तरी तिथे राहू नका, टीम सुधारण्याची जबाबदारी तुमच्या तब्येतीच्या पुढे नाही.

पेपर टाकायचा असेल तर हातात दुसरी ऑफर घेऊन टाका, पुण्यात बहुतेक आयटी कंपन्यांचा नोटीस पिरियड साठ-नव्वद दिवसांचा असतो आणि ते दिवस वाईट वातावरणात काढणं सोपं नाही. आणि पुढच्या इंटरव्ह्यूत शेवटी "काही विचारायचंय का" म्हणतात तेव्हा हे विचारा: "मागच्या वेळी तुमच्या टीमचं रिलीज घसरलं तेव्हा ते सगळ्यात आधी कोणी सांगितलं आणि पुढे काय झालं?" मॅनेजर एखादा प्रसंग लगेच सांगायला लागला, त्यात सांगणाऱ्याचं नीट नाव घेतलं, तर पुढे बोलणी करा. "आमच्याकडे रिलीज कधी घसरत नाही" असं उत्तर आलं तर पगार कितीही असो, दुसरी ऑफर बघा.